सातबाऱ्यावरची डिजिटल सही: १५ रुपयांत नेमकं काय मिळतं?

दौंडमध्ये उसासाठी पीककर्ज काढायचं असो किंवा शिरूरमध्ये जमिनीचा व्यवहार करायचा असो, आधी सातबारा मागितला जातो. पूर्वी तलाठ्याची सही आणि शिक्का मिळवायला चकरा माराव्या लागायच्या. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आता महाभूमी पोर्टलवर १५ रुपये भरले की तो मोबाईलवरही डाउनलोड होतो. पण त्यावर शाईची सही नसते आणि तिथेच अनेकांना शंका येते.

डिजिटल सही म्हणजे सहीचा स्कॅन केलेला फोटो नव्हे. सही करणाऱ्याची ओळख तपासून परवानाधारक संस्था त्याला डिजिटल प्रमाणपत्र देते. त्याची गुप्त किल्ली पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. कार्यालयात सगळे त्याला 'डोंगल'च म्हणतात. सही करताना संगणक मजकुरावरून एक सांकेतिक ठसा तयार करतो आणि त्यावर या किल्लीने सही होते. नंतर कुणी क्षेत्राचा एक आकडा जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार अशा सहीला कायदेशीर मान्यता आहे.

पीडीएफ उघडल्यावर सहीपाशी प्रश्नचिन्ह दिसलं, तर लगेच उतारा बनावट समजू नका. बऱ्याचदा त्या सॉफ्टवेअरच्या विश्वासू यादीत भारतीय प्रमाणपत्र नसतं, एवढंच.

खरी अडचण प्रिंटची आहे. कागदावर आला की ठसा तपासता येत नाही. त्यासाठी उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो पोर्टलवर टाकला की मूळ उतारा दिसतो. जमीन घेताना विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका. ती अस्सल असेल, पण जुनी असू शकते. मधल्या काळात फेरफार मंजूर होऊन मालक बदलला, तरी जुन्या फाईलवरची सही खरीच राहते. त्यामुळे ताजा उतारा स्वतः काढलेला बरा. लाखोंच्या व्यवहारात १५ रुपयांची काटकसर कशाला? भूलेखवर मोफत दिसणारा, विनास्वाक्षरीचा सातबारा मात्र फक्त माहितीपुरता असतो.

आणि सही खरी म्हणजे नोंद बरोबर, असंही नाही. नावात किंवा क्षेत्रात लेखनाची चूक असेल, तर ती चूकही सहीसकट येते. ती दुरुस्त करून घेण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो.