बंद पडलेल्या संगणकापर्यंत पोहोचताना

विंडोज सुरू असेल तर दूरच्या संगणकाचा पडदा पाहून दुरुस्ती करणे अवघड नसते. पण विंडोजच सुरू होत नसेल किंवा संगणक बंद असेल, तर तो पडदा दिसतच नाही. अशा वेळी दूरस्थ हार्डवेअर व्यवस्थापन कामी येते. इंटेलने 2006 मध्ये व्हीप्रो संगणकांत ‘ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी’ (एएमटी) आणली. तिचे नियंत्रण मदरबोर्डवरील स्वतंत्र भागाकडे असते. प्लगमधून अल्प वीज मिळत राहिली की मुख्य संगणक बंद असतानाही हा भाग जागा राहतो. त्याच्यामार्फत संगणक चालू-बंद करता येतो, बायोस पाहता येते, दुसरीकडून बूट करता येते. एएमडीच्या बाजूला याच कामासाठी ‘डॅश’ हे मानक आहे.

अशा सोयीची गरज सातारा आणि सांगली या पसरलेल्या जिल्ह्यांत विशेष जाणवते. साताऱ्यात 11 तालुके, सांगलीत 10. एका टोकाला महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याचा पावसाळी डोंगर; दुसऱ्या टोकाला माण, आटपाडी, जतचा कोरडा पट्टा. राज्य शासनाचे ‘महास्वान’ जाळे जिल्हा मुख्यालये तालुक्यांशी जोडते. सहकारी बँका, पतसंस्था आणि कारखान्यांच्या शाखाही गावोगाव आहेत. जतच्या एका अडलेल्या संगणकासाठी सांगलीहून माणूस पाठवला, तर त्याचा दिवस प्रवासातच जातो. पुरात तर रस्तेच बंद होतात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदीने 57 फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाण्याखालच्या किंवा वीज गेलेल्या कार्यालयाला या सोयीचा काहीच उपयोग नाही. मात्र रस्ता बंद असून कार्यालय कोरडे असेल आणि वीज व जोडणी टिकून असेल, तर तिचे मोल मोठे आहे.

खरी मेहनत पूर्वतयारीत आहे आणि ती संगणक हाताशी असतानाच करावी लागते. साध्या ‘वेक ऑन लॅन’साठी, म्हणजे जाळ्यावरून संदेश पाठवून बंद संगणक जागवण्यासाठी, बायोसमध्ये तो पर्याय चालू करायचा, वीज वाचवणारी ‘डीप स्लीप’ बंद करायची. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ही अनेकदा आड येते. जोडणी वायफायऐवजी केबलची असावी. एएमटीतून दूरचा पडदा पाहायचा असेल, तर प्रोसेसरमधलेच इंटेल ग्राफिक्स वापरात असावे लागते.

संध्याकाळी निघताना बोर्डावरचे बटण बंद करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. वळिवाच्या कडकडाटात प्लग काढणे तर शहाणपणाचेच. पण प्लग निघाला की तो जागा भागही झोपतो. म्हणून रात्री दूरून हाताळायचे संगणक यूपीएसवर असावेत, त्यांचे बटण वेगळे आणि त्यावर ठळक चिठ्ठी असावी.

नेटवर्कची तयारी वेगळी. वेक ऑन लॅनचा ‘मॅजिक पॅकेट’ किमान 102 बाइटचा असतो: आधी सहा ठरावीक बाइट, मग त्या संगणकाचा मॅक पत्ता सोळा वेळा. तो सहसा ब्रॉडकास्टने जातो आणि राउटर ब्रॉडकास्ट पुढे सोडत नाही. साताऱ्याहून फलटणच्या शाखेतला संगणक जागवायचा, तर तिथे कायम चालू असणारे एखादे यंत्र हवे. तेच स्थानिक जाळ्यात पॅकेट सोडते. एएमटीला ही अडचण नाही. ती टीसीपी पोर्ट 16992 ते 16995 वापरते. हे पोर्ट मुख्यालयातील व्यवस्थापन सर्व्हरपुरतेच उघडायचे, डीएचसीपी आणि डीएनएसच्या नोंदी नीट ठेवायच्या आणि संदेश प्रमाणपत्राच्या आधारे कूटबद्ध करायचे.

यात हयगय महागात पडते. मे 2017 मध्ये एएमटीतील एक गंभीर त्रुटी उघड झाली: लॉगिनचे उत्तर रिकामे पाठवले तरी प्रवेश मिळत असे. जानेवारी 2018 मध्ये एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आणखी एक धोका दाखवला. बायोसला पासवर्ड असूनही एएमटीचा मूळ ‘ॲडमिन’ हा पासवर्ड बदललेला नसेल, तर क्षणभर यंत्राजवळ पोहोचलेला माणूस ताबा मिळवू शकतो. म्हणजे ही सोय वापरायची नसली तरी तो पासवर्ड बदलायलाच हवा, फर्मवेअर अद्ययावत ठेवायलाच हवे आणि हे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडता कामा नयेत.

पतसंस्था, बँका आणि सरकारी कार्यालयांनी नव्या खरेदीच्या निविदेतच या सोयीची अट स्पष्ट लिहावी. एएमटी नसलेल्या संगणकात ती सॉफ्टवेअर टाकून नंतर आणता येत नाही.