मजुराचं नाव कुणाच्या वहीत?

दसरा-दिवाळी उरकली की जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या पट्ट्यात पाणी आणलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे कारखाना. समर्थ कारखान्याचं ‘सागर’ युनिट इथलंच. गव्हाणीत मोळी पडली की फडाफडांत टोळ्या उतरतात, पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. त्याच दिवसांत घनसावंगी, अंबड, परतूर, मंठ्याच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागलेली असतात. ऊस आपल्या तालुक्यातला असो की परमुलखातला, तोडणाऱ्याचा हिशेब सगळीकडे एकाच वहीत असतो. ती वही टोळी आणणाऱ्या मुकादमाची.

हमालांचे नेते बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी गेले तेव्हा मला पहिल्यांदा ही वही आठवली. बाबांनी ऊसतोड कामगारांचं नेतृत्व केलं असं म्हणता येणार नाही. ते काम बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्यांनी केलं. बाबांचा माणूस बाजारातला हमाल. पण ज्याला कुणी आपला कामगार म्हणायला तयार नाही, त्याला हक्क कसे मिळवून द्यायचे, या प्रश्नावर महाराष्ट्रात सर्वांत चिवटपणे काम कुणी केलं असेल तर बाबांनी. म्हणून त्यांचं चरित्र तीर्थपुरीच्या फडात उभं राहून वाचावं असं मला वाटतं.

बाबांचा जन्म १ जून १९३० चा, पुण्याचा. घडण राष्ट्र सेवा दलाची, शिक्षण आयुर्वेदाचं, दवाखाना नाना पेठेत. शेजारी भुसार बाजार. पाठ धरलेले, मानेत लचक भरलेले, छातीत दुखणारे हमाल दवाखान्यात येत. औषध घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पोत्याखाली वाकणार असेल तर डॉक्टराने काय करायचं? तेव्हा पोतं क्विंटलभराचं असे. आकडा अडकवून ते पाठीवर घ्यायचं, फळीवरून तोल सांभाळत ट्रकमध्ये चढवायचं, असं दिवसभर. दुखण्याचं मूळ या ओझ्यात आणि ओझं उचलणाऱ्याच्या निराधारपणात होतं. १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी राहिली, आणि पुढे दवाखाना मागे पडला. पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा, ही मागणी बाबांनी पुढे अनेक वर्षं लावून धरली.

हमालाची खरी अडचण मजुरीच्या दरापेक्षा मोठी होती. तो सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. अडत्या म्हणणार, हा माझा नोकर नाही. व्यापारी म्हणणार, माझाही नाही. मालक नाही म्हणून हजेरी नाही. हजेरी नाही म्हणून फंड, रजा, नुकसानभरपाई काहीच नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी केलेले कायदे त्याच्या डोक्यावरून जात होते.

मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली होती. त्या काळातल्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि त्याची रचना मला आजही थक्क करते. मालक कोण, या वादात कायदा अडकून पडलाच नाही. त्याने मध्ये एक मंडळ बसवलं. कामगाराने मंडळात नोंदणी करायची आणि काम देणाऱ्यानेही. मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, औषधोपचार. दहा गाळ्यांवर राबणाऱ्याची दहा ठिकाणची कमाई एका खात्यावर येऊ लागली. कायदा झाला म्हणून तो बाजारात आपोआप लागू झाला नाही. पुण्यात आणि मग राज्यातल्या बाजार समित्यांत एकेक मंडळ पदरात पाडून घेण्यासाठी बाबा आणि हमाल-मापाडी महामंडळ वर्षानुवर्षं झगडत राहिले.

हमाल भवन, कामगारांची घरं, हमालांच्या घरच्या बायकांनी चालवलेली ‘कष्टाची भाकर’, रिक्षा पंचायत हे सगळं याच वाटेवरचं. १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली, तेव्हाही पहिल्या कामांत ओळखपत्र होतं. पुणे महापालिकेने त्या कार्डाला मान्यता दिली. कचरा वेचणाऱ्या बाईला चोर समजून हटकणाऱ्यापुढे तिला धरता येईल असा एक कागद मिळाला.

मराठवाड्याने बाबांना आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. ओझं उचलताना सगळे सोबत आणि पाणी पिताना वेगळे, हे त्यांना मान्य नव्हतं. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत ते शेकडो गावांत फिरले. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, तेव्हाही ते नामांतराच्या बाजूने उभे राहिले. जालना जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, पण ती होरपळ या मुलुखाचीच. आपल्याच सभासदांना न रुचणारी भूमिका घेणं हे कामगार पुढाऱ्याला फार महागात पडू शकतं. बाबांनी तो धोका पत्करला, आणि त्यांचं मोठेपण मला इथे सर्वांत ठळक दिसतं.

आता पुन्हा फडात येऊ. पहाटे थंडीत नवरा-बायको दोघं कोयता चालवतात. तो तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस. हिशेबात मात्र या दोघांचा मिळून एकच ‘कोयता’. आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात, नोंद मुकादमाच्या वहीत, खाडा पडला तर कपात दोघांच्या कमाईतून. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी तर मधला माणूस. नाना पेठेतल्या अडत्याचं उत्तर आणि हे उत्तर यांत मला काही फरक दिसत नाही.

खाडा परवडत नाही, याची किंमत बाईच्या शरीराने मोजली. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या आकड्यानंतर तरी फडावर संडास, पाणी, दवाखाना ही मूलभूत गोष्ट ठरायला हवी होती.

दर वाढले नाहीत असं नाही. संप होतात, साखर संघाशी बोलणी होतात. दर ठरवणारे पवार-मुंडे लवाद गाजले, जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. पण वाढीव दरही त्याच वहीतून उतरतो, आणि तिथे उचलीचं व्याज, कमिशन, खाडे वजा होऊन किती उरतं ते मुकादम सांगेल तेवढं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झालं, टनामागे दहा रुपये वर्गणीची तरतूद झाली, ग्रामसेवकांकडून ओळखपत्रं देणं सुरू झालं. ही पावलं बरोबर दिशेची आहेत. मात्र माथाडी मंडळाचा प्राण मजुरी मंडळामार्फत जाण्यात आहे, आणि त्या गाभ्याला इथे अजून हात लागलेला नाही. फड सहा महिन्यांचा असतो, टोळी जिल्हा आणि राज्य ओलांडते, हे सगळं खरं. पण हमालही एका गाळ्यावर कधी टिकत नव्हता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, बाबा पुण्याच्या फुले वाड्यात तीन दिवस उपोषणाला बसले होते. त्या वेळचा मुद्दा निवडणुकीतल्या मतदानयंत्रांचा होता. मताची नोंद नीट झाली का, हे विचारायला ते त्या वयात बसले, यात मला नवल वाटलं नाही.

तीर्थपुरीच्या काट्यावर गाडी चढते तेव्हा उसाचं वजन किलोपर्यंत नोंदलं जातं. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, वाहन नंबर सगळं पावतीवर येतं. त्याच पावतीवर तोडणाऱ्या दोघांची दोन वेगळी नावं छापायला कारखान्याला नवीन यंत्र लागणार नाही. ती नावं छापा, मजुरी त्या दोन नावांच्या दोन खात्यांत मंडळामार्फत भरा, आणि लेव्ही कारखान्याकडून घ्या. येत्या हंगामाच्या बोलणीत कामगार संघटनांनी दराच्याही आधी हे कलम टेबलावर ठेवावं.