डी. के. दातार

दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील व्हायोलिनवादक होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला. विष्णू दिगंबर पलुसकरांचेही हेच जन्मगाव. दातारांचे वडील केशवराव हे त्यांचे शिष्य होते.

प्रारंभीची वाटचाल

दातारांनी व्हायोलिनचे शिक्षण विघ्नेश्वर शास्त्री यांच्याकडे घेतले. तरुणपणी ते विष्णू दिगंबरांचे पुत्र द. वि. पलुसकर यांना मैफलींत साथ करू लागले. साथ करताना गायकाची आलापी आणि तान तत्क्षणी टिपून, त्याच्यावर कुरघोडी न करता वाद्यातून उमटवावी लागते. व्हायोलिनला पडदे नसल्याने गळ्यासारखी अखंड मींड घेता येते. मात्र बोट केसभर सरकले तरी स्वर ढळतो. त्यामुळे पलुसकरांचे सुरेल, आटोपशीर गाणे ही दातारांची दुसरी शाळाच ठरली. ऑक्टोबर १९५५ मध्ये पलुसकरांचे अवघ्या ३४ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा दातार २३ वर्षांचे होते.

स्वतंत्र वादनातही त्यांनी साथीच्या काळात आत्मसात केलेले हे गायकी अंगच जोपासले. त्यांना १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २००४ मध्ये पद्मश्री मिळाली.