परदेशी धाडावयाचे औषध

अपस्माराची गोळी एकाएकी बंद झाली, तर झटके पुन्हा येऊ शकतात. म्हणूनच अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाचे आईबाप येथून टपालाने औषध धाडू पाहतात. परकीय नागरिकाने स्वतःपुरते, साधारणतः ९० दिवसांचे औषध मागविल्यास तेथील औषध प्रशासन बहुधा हरकत घेत नाही. मात्र पुडक्यासोबत डॉक्टरांचे पत्र, इंग्रजीत लिहिलेली औषधाची चिठ्ठी आणि मुलाचे पारपत्र व व्हिसा यांच्या नकला असाव्यात. चिठ्ठीत केवळ व्यापारी नाव नको, मूळ औषधाचेही हवे. आपल्या पॅरासिटामॉलला तेथे ॲसिटामिनोफेन म्हणतात. कोडीनसारखी नियंत्रित औषधे टपालाने मुळीच धाडू नयेत. एवढे करूनही पुडके जकातीत अडकण्याचा संभव असतोच. तेव्हा जवळचा साठा संपण्यापूर्वीच मुलाने तेथील डॉक्टरांस भेटावे, हे उत्तम.