मिस्त्री का हसले?

घरात सुतारकाम काढायचे ठरले की आपण आधी काय करतो? दुकानात जातो, पांढरीशुभ्र गुळगुळीत दारे पाहतो, त्यांवरून हात फिरवतो आणि भाव विचारतो. दुकानदार म्हणतो, "एमडीएफ आहे, फिनिशिंग बघा!" आपण खूश होऊन घरी येतो, मिस्त्रींना सांगतो, आणि मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसतात. मैत्रिणींनो, ते हसले की विषय बदलू नका. "का हसलात?" असे सरळ विचारा. जे उत्तर मिळेल ते कुठल्या माहितीपत्रकात छापलेले नसते, आणि पैसे मोजायच्या आधी मिळते हे महत्त्वाचे.

आमच्या कॉलनीत गेल्या दोन वर्षांत ओळीने सुतारकामे निघाली. माझी शाळा अर्धवेळ, त्यामुळे दुपारी मी घरीच. चहा द्यायच्या निमित्ताने या मंडळींच्या गप्पा पुष्कळ ऐकल्या. त्यांच्या थट्टेतली निम्मी थट्टा स्वयंपाकघरातली असते, म्हणून आपल्याला चटकन कळते.

दुकानात मिळणाऱ्या तीन फळ्यांतला फरक मला एका मिस्त्रींनी असा सांगितला : "वहिनी, प्लायवूड म्हणजे घडीची पोळी, पदर मोजून घ्या. पार्टिकल बोर्ड म्हणजे राजगिऱ्याची वडी, दाणा दाणा दिसतो. आणि एमडीएफ म्हणजे बेसनवडी. थापली की झाली, आत बघायला काही नाही." हसण्यावारी नेऊ नका, कापलेल्या कडेकडे पाहिले तर अगदी तसेच दिसते! प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पदर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. पार्टिकल बोर्डात लाकडाचे बारीक तुकडे. एमडीएफमध्ये मात्र लाकडाच्या चिपा वाफेवर मऊ करून त्यांचे तंतू सुटे करतात, त्यात डिंकासारखे रसायन आणि थोडे मेण घालतात आणि तापलेल्या दाबयंत्रात थापतात. म्हणजे ही वडीच, फक्त खायची नाही.

या घराण्यातली जुनी मोठी बहीण म्हणजे हार्डबोर्ड. आपल्या लहानपणी परीक्षेला न्यायचे ते तपकिरी पॅड आठवते? जुन्या फोटोच्या चौकटीची पाठ? तेच. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, लॉरेल या गावी, विल्यम मेसन नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली तो तयार केला. लाकडाच्या गिरणीत वाया जाणाऱ्या तुकड्यांचे काय करावे या विचारात ते होते. वाफेची तोटी नीट बंद झाली नाही, दाबयंत्र तापत राहिले आणि साहेब जेवून परत येतात तो आत पातळ, टणक फळी तयार, अशी कथा सांगतात. आपल्याकडे गॅस चालू राहिला तर फक्त कढई जळते!

त्या हार्डबोर्डची एक बाजू आरशासारखी आणि दुसऱ्या बाजूवर जाळीचे ठसे असतात ना, त्याचे कारण म्हणजे दाबताना लगद्यातले पाणी निघून जावे म्हणून खाली तारेची जाळी घालत. "चटईवर झोपून उठलाय, पाठीवर वळ बघा," असे त्याबद्दल एक म्हातारे मिस्त्री म्हणायचे.

आता रूपाची गोष्ट. एमडीएफला रेषा नाही, गाठ नाही, पोत नाही. सुताराला हे मोठे विचित्र वाटते, कारण त्याची सारी विद्या रेषा वाचण्यात. रंधा कोणत्या अंगाने मारायचा, फळी पावसाळ्यात कुणीकडे वाकेल, सारे तो रेषेवरून सांगतो. इथे वाचायला काही लिहिलेलेच नाही. "कोरी पाटी आहे, बाई," एकजण मला म्हणाले. मग या कोऱ्या पाटीवर लाकडाचे चित्र छापलेला कागद किंवा सनमायका चिकटवतात आणि खरा विनोद सुरू होतो. शेजारच्या स्वयंपाकघरात सहा दारे बसली. सहाही दारांवर गाठ त्याच जागी, त्याच आकाराची. मिस्त्री गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हे झाड शाळेत जात होतं. बाईंनी ओळीत उभं केलं की हलायचं नाही." शाळेतल्या बाई समोरच उभ्या होत्या, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आणखी एक थट्टा सगळीकडे ऐकू येते, ती पावडर लावून बसवलेल्या नवरीची. "तोंड बघून पसंत करू नका, कड बघा." त्यांच्या विनोदातही शेवटी नवरीच सापडते, हे मला काही फारसे रुचत नाही. पण सांगणे खरे आहे. एमडीएफचा चेहरा दाबयंत्रातून घट्ट होऊन येतो. त्याला रंग लगेच धरतो. कापलेली कड मात्र मोकळी, तहानलेली. रंगाचा हात दिला की पिऊन टाकते, वाळल्यावर केसाळ, खरखरीत दिसते. "दार आठ रुपयांचं, कड बारा रुपयांची" हा त्यावरचा शेरा. म्हणूनच रंगाच्या कामात कडेची मेहनत कोण करणार, हे आधी ठरवून घ्या. चांगला कारागीर कड बारीक पॉलिश पेपरने घासतो, सीलर लावतो, वाळू देतो, पुन्हा घासतो, पुन्हा लावतो. मग लांबी, मग प्रायमर, मग रंग. कडेला पहिला हात पाण्यात कालवलेल्या प्रायमरचा दिला तर तंतू उभे राहतात, त्यापेक्षा तेलाचा बरा. आणि जी कड दिसत नाही, म्हणजे दाराची खालची बाजू किंवा कपाटाचा तळ, तीसुद्धा बंद करून घ्या. पाणी काय, दिसणाऱ्या बाजूनेच शिरते थोडेच?

पाण्यावरून तर विनोदांची रांगच लागते. "चहात बिस्किट" हा सर्वांत जुना. इंग्लंडमधले सुतारही भिजलेल्या भुशाच्या फळीला वीटाबिक्स म्हणतात. ते तिथले दुधात भिजवून खायचे न्याहारीचे बिस्किट. साध्या एमडीएफमध्ये पाणी मुरले की तंतू फुगतात आणि वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. फुगलेले दार घासून सरळ करता येते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ओलाव्याला तोंड देणारा एमडीएफ निराळा मिळतो, तो ओळखू यावा म्हणून बऱ्याचदा आतून हिरवा रंगवलेला असतो. पण तो हिरवा रंग केवळ ओळखीचा. "हिरवं लुगडं नेसलं म्हणून कोणी कोळीण होत नाही, वहिनी." ती फळी वाफ, दमट हवा सोसेल; रोज साचणारे पाणी सोसणार नाही. सिंकखालचे कपाट, न्हाणीघराचे दार, मोरीला लागून असलेली भिंत इथे एमडीएफ नकोच. तिथे आय. एस. ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड घ्या, नाहीतर सरळ कडाप्प्याच्या उभ्या फरशा लावा. दर वेळी ओटा पुसणारे, सिंकखालची बादली काढणारे हात आपले असतात. म्हणून या एका बाबतीत "ते ठरवतील" म्हणून गप्प बसू नये असे मला वाटते.

खात्री हवी असेल तर मिस्त्रींकडून दोन बोटे रुंदीचा तुकडा मागून घ्या. पट्टीने जाडी मोजा, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. घरातल्या मंडळींना पटवायला याहून सोपा उपाय नाही.

बाकीचे दोन विनोद थोडक्यात. लांब फळीवर पुस्तके किंवा डबे रचले की "फळी हसायला लागेल", म्हणजे मधे झोल येईल. १८ मिलिमीटरच्या फळीला दोन-अडीच फुटांवर आधार हवाच. आणि स्क्रूबद्दल, "याचं लग्न एकदाच." एकदा उपटून आलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. बिजागरीसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यायला सांगा, आणि कडेत स्क्रू ठोकू देऊ नका, फळी उकलते.

इतके ऐकल्यावर वाटेल की एमडीएफ टाकाऊच. तसे मुळीच नाही, आणि मिस्त्रीही खाजगीत कबूल करतात. रंगवलेले सपाट दार हवे असेल तर सागवानाहून हीच फळी शहाणी. गाठ वर येत नाही, रेषा उमटत नाही, कोरड्या खोलीत पावसाळ्यात दार अडकत नाही. देव्हाऱ्याची नक्षीदार जाळी कापायला तर छानच, कारण कोणत्याही दिशेने कापले तरी चिरत नाही. "पुठ्ठा" म्हणून हिणवणाऱ्यांनी आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा एक ताव उचलून पाहावा; सुमारे ४० किलो भरतो. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींचा उल्लेख वर केला, त्यांनी मात्र मला एकदा विचारले, "यात माझा रंधा कुठे लावू?" त्या दिवशी ते हसत नव्हते.

शेवटची थट्टा मला हसवत नाही. "पिठाची गिरणी चालू करतो, पोरांना बाहेर न्या," असे म्हणून ते करवत सुरू करतात आणि पाच मिनिटांत भुवयांपर्यंत पांढरट होतात. हे पीठ पोटात जाणारे नव्हे, छातीत बसणारे. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण होते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच ठरवले, आणि या फळ्यांच्या चिकट रसायनातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूबद्दल २००४ मध्ये. म्हणून काप शक्यतो दुकानातल्या यंत्रावर करून आणायला सांगा. घरीच करायचे तर गच्चीत किंवा अंगणात. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. कोरोनाच्या दिवसांतले एन-९५ मास्क कपाटात पडले असतील तर मिस्त्रींना आणि त्यांच्या हाताखालच्या पोराला द्या. नसतील तर मजुरीच्या हिशेबात धरून आणा. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, धान्याचे डबे आधी दुसऱ्या खोलीत हलवा. फळी घेताना ई-वन किंवा ई-झिरो असा शिक्का विचारा. त्यात हा वायू कमी सुटतो. नव्या कपाटाला डोळे चुरचुरणारा वास येत असेल तर दारे-खिडक्या उघड्या ठेवून काही आठवडे जाऊ द्या, आणि तोवर तान्ह्या बाळाचे कपडे जुन्या पेटीतच राहू द्या.