विरजण का लागत नाही?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांत दूध हा शेतीचा जोडधंदा आहे. गाय व्याल्यावर कधी कासेला सूज येते व दुधात गाठी दिसू लागतात. हा कासदाह होय. सडात प्रतिजैविक औषधाची नळी सोडली की सूज उतरते व दूध लागलीच विक्रीस जाते. मात्र त्याच दुधाला घरी विरजण लावले असता पुष्कळदा दही लागत नाही. गृहिणी विरजणास दोष देते. वास्तविक विरजणातील उपकारक जंतू दुधात उरलेल्या औषधाने मारलेले असतात.

हेच औषध दुधावाटे अल्प प्रमाणात माणसाच्या पोटात जाते. त्याने दुबळे जंतू मरतात, चिवट जंतू तग धरून वाढतात व आपला हा गुण इतर जंतूंनाही देतात. पुढे खऱ्या आजारात तेच औषध निष्प्रभ ठरण्याचा धोका वाढतो. दूध उकळल्याने सर्वच औषधे नाहीशी होत नाहीत.

फळबागेतही हाच धोका आहे. 1943 साली शोधलेले स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील पहिले गुणकारी औषध. तेच डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारले जाऊ लागले. हा वापर बंद करणाऱ्या आदेशाचा मसुदा केंद्र शासनाने डिसेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी 2019 साली पशू व कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली.

शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी. औषधोपचार पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा व अखेरच्या मात्रेची तारीख गोठ्यात लिहून ठेवावी. वेष्टनावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत चारही सडांचे दूध विकू नये, घरी वापरू नये, वासरासही पाजू नये. 2012 च्या नियमानुसार विशिष्ट मुदत ठरलेली नसल्यास दूध व अंडी यांसाठी ती किमान 7 दिवस, तर मांसासाठी 28 दिवस धरली जाते. गोठा कोरडा राखावा व धारेपूर्वी हात आणि कास धुवावी, म्हणजे रोगच कमी होईल. डाळिंबाची रोगट पाने व फळे जाळावीत, छाटणीची कात्री निर्जंतुक करावी व शिफारशीप्रमाणे बोर्डो मिश्रण वापरावे.

चार दिवसांचे दूध ओतून देणे जिवावर येते, हे खरे. परंतु औषध निकामी झाले तर उद्या तापाने फणफणणारे मूल त्याच घरातील असू शकते. हा हिशेब गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गोठ्यात समजावून सांगावा.