शंटिंग एंजिन, वाफेचे

यार्डात डबे व वाघिणी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेऊन गाड्या जुळविणे किंवा सोडविणे या कामास शंटिंग म्हणतात व त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एंजिनास शंटिंग एंजिन म्हणतात. या कामात वेग कमी असतो. परंतु थांबणे, दिशा बदलणे व जड भार जागचा हलविणे वारंवार घडते.

प्रत्येक स्थानकास स्वतंत्र शंटिंग एंजिन परवडत नसे. सुरत–अमळनेर हा नंदुरबारवरून जाणारा तापी खोऱ्यातील रुंदमापी लोहमार्ग १९०० मध्ये पूर्ण झाला. अशा एकेरी मार्गांवरील मधल्या स्थानकांत सामान्यतः मालगाडीचेच एंजिन वाघिणी मालधक्क्यावर लावी. मोठ्या यार्डांत मात्र स्वतंत्र एंजिने असत व त्यांपैकी पुष्कळशी मूळची मालगाड्यांची, मुख्य मार्गावरून उतरविलेली असत. १९०३ मध्ये भारतासाठी आखलेल्या प्रमाणित अभिकल्पांपैकी ‘एसजी’ वर्गातील ०-६-० एंजिने हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांच्या सहाही चाकांना चालना मिळत असल्याने एंजिनाचे सर्व वजन रुळांवरील पकडीस उपयोगी पडे.

जुन्या एंजिनांचा हा उपयोग वाटतो तितका स्वस्त नव्हता. वाघिणींची वाट पाहत उभे असतानाही भट्टीत कोळसा जळत राही आणि थंड एंजिनात वाफ तयार होण्यास काही तास लागत. नंतरच्या एंजिनांतील अतितापकाचा लाभ दीर्घ, अखंड धावेत मिळे. तुटक कामात तो थोडाच मिळे. शिवाय पाठीमागील टेंडरमुळे उलट जाताना चालकाची दृष्टी अडे. त्याला सर्वस्वी हातबावटा, कंदील व शिटी यांच्या इशाऱ्यांवर विसंबावे लागे. स्क्रू जोड अडकविण्यासाठी दोन वाघिणींच्या बफरांमध्ये शिरणाऱ्या कामगाराच्या जिवाला यामुळे मोठा धोका असे. इशारा चुकल्यास किंवा एंजिन अकस्मात हलल्यास तो चिरडला जाई. म्हणून शंटिंग जमादार, सांधेवाला व चालक यांच्यातील समन्वयाला एंजिनाच्या शक्तीइतकेच महत्त्व होते.

चित्तरंजन येथे १९६८ च्या सुमारास ‘डब्ल्यूडीएस-४’ या डीझेल शंटिंग एंजिनांचे उत्पादन सुरू झाले. काम नसताना बंद ठेवता येणारी व लगेच सुरू होणारी ही एंजिने यार्डांत हळूहळू वाफ एंजिनांची जागा घेऊ लागली. भारतातील रुंदमापी मार्गांवरील वाफ एंजिनांची नियमित सेवा १९९५ मध्ये संपुष्टात आली.